शंभरपैकी शंभर आणि उडालेली झोप

दहावी-बारावीचे वर्ष घरात आले की साऱ्या घराचे वेळापत्रक बदलते. टीव्हीचा आवाज बारीक होतो, लग्नाकार्याला जाणे टळते, पाहुण्यांना 'परीक्षा झाल्यावर या' असे सांगावे लागते. रात्री उशिरापर्यंत एका कोपऱ्यात दिवा जळत असतो. किन्हीराजा असो की मालेगाव, वाशिम असो की कारंजा, चित्र सगळीकडे सारखेच. तो दिवा पाहून आईबापांना बरे वाटते. लेकरू मेहनत घेत आहे, आपल्या कष्टाचे चीज होणार, असे वाटते.

दिवा मालवल्यानंतर त्या लेकराला झोप लागते का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. 'डोके दुखते', 'जेवण जात नाही', 'वाचलेले लक्षात राहत नाही', 'जरा बोलले की अंगावर येतो' अशा तक्रारी घेऊन पालक मुलांना दवाखान्यात आणतात. खोदून विचारले तर अनेकदा मूळ दुखणे निघते ते अपुऱ्या झोपेचे. यांत अभ्यास टाळणारी मुले असतात, तशी वर्गात पहिला-दुसरा नंबर काढणारी, वही कशी ठेवावी हे दाखवण्यासाठी गुरुजी ज्यांची वही वर्गात फिरवतात, अशी मुलेही असतात. या दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे आपले लक्ष उशिरा जाते, कारण ती कोणाला त्रास देत नाहीत. आजच्या लेखात त्यांच्याविषयी विचार करू.

मेहनत वेगळी, अट्टहास वेगळा

समजा, नववीतली एक मुलगी आहे. प्रयोगवहीत आकृती काढताना रेघ जरा वाकडी गेली की ती खोडत नाही, पानच फाडते आणि सगळे पुन्हा लिहिते. गणिताचे उत्तर बरोबर आले तरी तीनदा पडताळते. ९४ गुण मिळाले तर घरी येऊन रडते. शंका विचारायला हात वर करत नाही, कारण प्रश्न चुकीचा ठरला तर वर्ग हसेल. निबंध स्पर्धेत भाग घेत नाही, कारण पहिला नंबर येईल याची खात्री नाही.

लोक म्हणतात, 'पोरगी फार काटेकोर आहे.' काटेकोरपणा हा गुणच आहे. पण वर सांगितलेली गोष्ट गुणाच्या पुढे गेलेली आहे. मेहनती मुलाच्या हातून चूक झाली तर त्याला वाईट वाटते आणि तो ती सुधारतो. अट्टहासी मुलाच्या हातून चूक झाली तर त्याला वाटते की आपणच कुचकामी आहोत. पहिल्यासाठी परीक्षा ही अभ्यासाची असते, दुसऱ्यासाठी ती स्वतःच्या किमतीची असते. आपल्याकडे 'अति तेथे माती' म्हणतात, ते येथे तंतोतंत लागू पडते.

मानसशास्त्रात या स्वभावाचा बराच अभ्यास झाला आहे. कॅनडातील पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली त्याचे तीन प्रकार मांडले. पहिला, स्वतःकडूनच परिपूर्णतेची अपेक्षा धरणे. दुसरा, इतरांकडून ती धरणे. तिसरा, 'लोक माझ्याकडून परिपूर्णतेची अपेक्षा करतात, ती पुरी झाली नाही तर मी त्यांच्या मनातून उतरेन' असे वाटत राहणे. यांतला तिसरा प्रकार मनाला सर्वांत जास्त पोखरतो. त्याचा संबंध चिंता, उदासीनता आणि झोप न लागणे यांच्याशी वारंवार आढळला आहे.

हा प्रकार वाढतो आहे, हीही काळजीची बाब आहे. ब्रिटनमधील थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातील अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध केली. 'लोकांच्या अपेक्षेचे ओझे' या तिसऱ्या प्रकाराचे मोजमाप त्या काळात सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलेले दिसले. हे आकडे परदेशातले आहेत. पण गुणपत्रिका हातात येण्याआधीच शेजारी निकाल विचारायला येतात, अशा आपल्या गावांत हे ओझे हलके असेल असे समजण्याचे कारण नाही.

शंभर टक्क्यांची भुरळ

एके काळी बोर्डाची गुणवत्ता यादी निघत असे आणि यादीत आलेल्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकत. ती यादी बोर्डाने बंद केली, त्यामागे मुलांवरील ताण कमी व्हावा हाच विचार होता. यादी गेली, पण टक्केवारी राहिली. आता चौकाचौकांत शिकवणी वर्गांचे फलक लागतात आणि त्यांवर ९८, ९९, १०० असे आकडे असतात.

या आकड्यांकडे जरा शांतपणे पाहू. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेला राज्यात १५ लाख ४६ हजारांहून अधिक नियमित विद्यार्थी बसले. त्यांपैकी १०० टक्के गुण मिळाले २११ जणांना. म्हणजे सुमारे ७,३०० मुलांमागे एक. शिवाय ही टक्केवारी सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून काढलेली असते, आणि कला व क्रीडा यांचे सवलतीचे गुणही तीत मिळवलेले असतात. फलकावरचा 'शंभर' हा एकही चूक न केल्याचा पुरावा नसतो, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे. एका परीक्षेत १४ लाखांहून अधिक मुले उत्तीर्ण होतात आणि पुढे शिकतात, नोकरी करतात, शेती करतात, दुकान चालवतात. त्यांना आपण अपयशी म्हणतो का?

झोप येते तरी कशी?

झोप उडण्याचे कारण समजायचे तर झोप येण्याचे कारण आधी समजले पाहिजे. शरीरात यासाठी दोन व्यवस्था आहेत.

पहिली व्यवस्था म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे असतो तितके मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते साठले की डोळे जड होतात. झोपेत ते कमी होते आणि सकाळी ताजेतवाने वाटते. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याची जागा अडवून बसते, म्हणून चहा घेतला की तरतरी येते. पण अ‍ॅडिनोसिन कोठे गेलेले नसते, फक्त त्याची हाक मेंदूला ऐकू येत नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला 'अभ्यासासाठी' घेतलेला कडक चहा पहाटे तीनला अर्धा शिल्लक असतो, असे समजा.

दुसरी व्यवस्था म्हणजे शरीरातले घड्याळ. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते याचा शोध लावणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेंदूतील एका छोट्या ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. डोळ्यांवर उजेड पडत राहिला, विशेषतः मोबाईलचा पडदा नाकाशी धरला, तर हा निरोप उशिरा पोहोचतो.

येथे एक गोष्ट पालकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. वयात येताना हे घड्याळ एक ते दोन तास पुढे सरकते. अमेरिकेतील मेरी कार्स्काडन यांनी १९७० च्या दशकापासून मुलांच्या झोपेचा पद्धतशीर अभ्यास करून ही बाब पुढे आणली. सातवीतला मुलगा नऊला पेंगत होता आणि दहावीत अकरा वाजले तरी टक्क जागा असतो, तर तो प्रत्येक वेळी मोबाईलचा किंवा वाह्यातपणाचा दोष नसतो. शरीराचाच तो बदल असतो. झोपेची गरज मात्र कमी झालेली नसते. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ साली १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास झोप सांगितली आहे.

अट्टहास झोपेला कसा उडवतो?

अचूकपणाचा हट्ट झोपेवर तीन वाटांनी घाला घालतो.

पहिली वाट सरळ आहे. काम संपतच नाही. जे उत्तर पाऊण तासात लिहून होईल त्याला दोन तास लागतात, कारण ते तीनदा लिहिले जाते. मग झोपेचे तास कापले जातात. रात्री साडेअकराला निजून पहाटे साडेचारला उठणारे मूल पाच तास झोपते. किमान गरज आठ तासांची. रोज तीन तासांची तूट, सहा दिवसांत अठरा तासांची. रविवारी दहा वाजेपर्यंत लोळून ही उधारी फिटत नाही, उलट घड्याळ आणखी पुढे सरकते आणि सोमवारी उठणे अधिक जड जाते.

दुसरी वाट मनातली आहे. दिवसभर कामाच्या गडबडीत जे विचार दाबलेले असतात ते अंधारात वर येतात. 'तिसऱ्या प्रश्नात चिन्ह चुकले का? बाईंनी माझ्याकडे तसे का पाहिले? उद्या तोंडी परीक्षेत अडखळलो तर?' मन झालेल्या चुकांची उजळणी करते आणि न झालेल्या चुकांची भीती घालते. शरीराला ही भीती खरी वाटते. छाती धडधडते, अंग तापल्यासारखे होते, स्नायू ताठ होतात. वाघ मागे लागला असताना झोपायचे नसते एवढेच शरीराला कळते. मागे लागलेली गोष्ट भूगोलाचा पेपर आहे, हे त्याला कळत नाही. स्वीडनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निद्रानाशाच्या रुग्णांत परिपूर्णतेचा हव्यास इतरांपेक्षा जास्त आढळला होता, विशेषतः चुकांची धास्ती.

तिसरी वाट सर्वांत फसवी. अशा मुलाला झोपसुद्धा शंभरपैकी शंभर हवी असते. तो घड्याळ पाहतो आणि हिशेब करतो, 'आता झोपलो तर सहा तास मिळतील. आता पाच. आता साडेचार.' झोप यावी म्हणून तो जोर लावतो. जगातल्या बहुतेक गोष्टी जोर लावल्याने मिळतात. गणित जमते, धावण्याचा वेग वाढतो, वखर चालवता येते. झोप ही एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी जितका जोर लावावा तितकी ती दूर पळते. अशा काही रात्री गेल्या की अंथरूण पाहूनच धास्ती वाटू लागते. संध्याकाळी पेंगणारे मूल पाठ टेकताच टक्क जागे होते. येथून निद्रानाशाचे चक्र सुरू होते.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे

'झोपेत काय अभ्यास होतो?' असे कोणी विचारले तर उत्तर आहे, होतो. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला लावले. पाठांतरानंतर झोपले तर ते जास्त आठवत आणि तेवढाच वेळ जागे राहिले तर कमी आठवत. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या विषयावर असंख्य प्रयोग झाले. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, हे आज सर्वमान्य आहे. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि स्वप्नांची झोप पहाटेच्या भागात. या दोन्हींचे काम वेगवेगळे आहे, म्हणून रात्र कोणत्याही टोकाकडून कापली तरी नुकसान होते.

'पण आमचे आजोबा पहाटे चारला उठायचे', असे काही वाचक म्हणतील. खरे आहे. पण आजोबा रात्री आठ-साडेआठला निजत. पहाटेचा अभ्यास चांगलाच आहे, पण त्यासाठी आदली रात्र लवकर सुरू व्हावी लागते. रात्री बारा आणि पहाटे चार ही दोन्ही टोके एकाच मुलाच्या अंगावर घालू नयेत.

शाळेच्या वेळेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याकडे लक्ष वेधले. पुढे ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला. लहानग्यांच्या दृष्टीने तो स्वागतार्ह होता. पण ज्यांचे घड्याळ निसर्गतः पुढे सरकते ती मुले आठवी ते बारावीतली. त्यांचा त्या निर्णयात समावेश नव्हता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली होती. आपल्याकडे तर शाळेच्या आधी शिकवणी असते आणि त्याच्याही आधी खेड्यावरून एस.टी. पकडायची असते. साडेसहाच्या शिकवणीसाठी बाहेरगावचे मूल किती वाजता उठत असेल, याचा विचार शिकवणी घेणाऱ्यांनीही करावा.

मुलांनी काय करावे?

१) उठण्याची वेळ ठरलेली ठेवा. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. रविवारीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे अंगणात, गच्चीवर उजेडात राहा. घड्याळ जागेवर आणण्याचा हा बिनखर्चाचा उपाय आहे.

२) अंथरुणावर अभ्यास करू नका. पूर्वी घरोघरी सकाळी वळकटी गुंडाळून ठेवत आणि रात्री निजतानाच पसरत. त्या पद्धतीत मोठे शहाणपण होते. अंथरूण म्हणजे झोप, एवढाच अर्थ मेंदू शिकत असे. १९७२ साली रिचर्ड बूट्झिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशावर जो उपचार मांडला तो याच तत्त्वावर उभा आहे. घर एका खोलीचे असले तरी हे जमते. अभ्यासाला चटईवर भिंतीकडे तोंड करून बसा, आणि गादी झोपायच्या वेळेलाच टाका.

३) वीस मिनिटांच्या सुमारास झोप लागली नाही असे वाटले तर उठून बसा. मंद उजेडात काही साधे काम करा. कपड्यांच्या घड्या घाला, जुने मासिक चाळा. मोबाईल नको आणि अभ्यासाचे पुस्तकही नको. डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हा. घड्याळाचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा.

४) उद्याची कामे कागदावर उतरवा. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला लावले. पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोपी गेले. प्रयोग लहान होता, पण वहीच्या मागच्या पानाला खर्च काय? जी गोष्ट कागदावर आहे ती डोक्यात धरून ठेवावी लागत नाही.

५) काळजीला वेळ नेमून द्या. दिवेलागणीच्या सुमारास पंधरा मिनिटे बसा आणि जी जी भीती वाटते ती लिहा. प्रत्येकीपुढे लिहा, 'यात माझ्या हातात काय आहे?' रात्री तोच विचार आला तर त्याला सांगा, 'तुझी वेळ उद्या संध्याकाळी.' पहिल्या दिवशी हसू येईल. आठवडाभर करून पाहा.

६) 'पुरे' म्हणायला शिका. रोज एक काम ठरवून एकदाच करा. एक उत्तर घड्याळ लावून लिहा, वेळ संपली की पेन खाली ठेवा, पुन्हा लिहू नका. रेघ वाकडी गेली तर तशीच राहू द्या आणि वही द्या. काय होते ते पाहा. बहुतेक वेळा काहीच होत नाही. अट्टहासी मनाला हे शब्दांनी पटत नाही, अनुभवाने पटते. बोर्डाच्या परीक्षेतही उपयोगी पडते ते हेच. दोन प्रश्न अप्रतिम लिहून तीन सोडणाऱ्यापेक्षा पाचही बऱ्यापैकी लिहिणारा पुढे जातो.

७) दुपारी तीन-चारनंतर चहा टाळा. दिवसा फार पेंग आली तर वीस मिनिटांची डुलकी घ्या, दोन तासांची नको. संध्याकाळी अर्धा तास तरी खेळा, सायकल चालवा, शेतात चक्कर मारा.

८) पेपरच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. एका रात्रीच्या कमी झोपेने वर्षभराचा अभ्यास पुसला जात नाही. डोळे मिटून नुसते पडून राहिलात तरी शरीराला विसावा मिळतो. हे एवढे मनाला पटले की पुष्कळदा झोपही येते.

पालकांनी आणि गुरुजींनी काय करावे?

लेकराने ९४ गुण आणले आणि बाप हसत म्हणाला, 'काऊन रे, उरलेले सहा कुठं गेले?' बापाच्या मनात कौतुकच असते. लेकराच्या कानात मात्र सहाच शिल्लक राहतात. अशी वाक्ये आपण किती सहज बोलतो ते एकदा मोजून पाहावे. 'तुझ्यासाठीच हे सगळे चालले आहे', 'अमक्याच्या पोराला बघ', 'आता सारी भिस्त तुझ्यावर' ही वाक्येही त्याच पंगतीतली. सोयाबीनला भाव नाही, कर्ज फिटले नाही, हे मुलांना दिसत असते. घराची परिस्थिती त्यांच्यापासून लपवू नये. पण ती सुधारण्याचे सारे ओझे पंधरा वर्षांच्या खांद्यावर ठेवू नये.

'किती पडले?' याआधी 'काय जमले, काय अवघड गेले?' असे विचारावे. निकालापेक्षा प्रयत्नाचे कौतुक करावे. आणि मोठ्यांनी आपल्या चुका मुलांदेखत मान्य कराव्यात. बियाणे निवडताना गफलत झाली, हिशेब चुकला, भाजी खारट झाली, आणि तरी घर चालू राहिले, हे मुलांनी पाहिले पाहिजे. चूक म्हणजे जगबुडी नव्हे हा धडा पुस्तकात नसतो.

रात्री दहानंतर घरातला टीव्ही आणि मोबाईल सर्वांचेच बंद व्हावेत. बापाने रील्स पाहत मुलाला 'झोप' म्हणू नये. अकोल्याला, लातूरला किंवा आणखी कोठे खोली करून, मेसचे जेवण जेवून 'नीट'ची तयारी करणाऱ्या मुलांना घरून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न चाचणीच्या गुणांचा नसावा. जेवलास का, झोपलास का, एवढे विचारले तरी पुरे. त्या परीक्षेला दरवर्षी देशभरातून २० लाखांहून अधिक मुले बसतात, हेही विसरू नये.

गुरुजींना एकच विनंती. सर्वांत सुंदर वही जशी वर्गात दाखवता, तशी एखादी छान चूकही दाखवा. ज्या चुकीमुळे सगळ्या वर्गाला नवे काही कळले, ती चूक करणाऱ्याला शाबासकी द्या. फाडलेली पाने मोजा. ज्याच्या वहीची पाने झपाट्याने कमी होतात त्या मुलाशी एकांतात दोन शब्द बोला.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही, असे तीन-चार आठवडे चालले आणि दिवसा त्याचा परिणाम दिसू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक वेळी कारण मनाचेच असते असे नाही. रक्तातील लोह कमी असले तर रात्री पाय वळवळतात आणि झोप मोडते, हे मुलींत विशेष पाहावे. थायरॉईडचा दोष, दमा, घोरताना श्वास अडकणे ही कारणेही तपासून घ्यावी लागतात. हात पुन्हा पुन्हा धुणे, कडी दहादा तपासणे, एकच ओळ परत परत वाचल्याशिवाय पुढे जाता न येणे, असे दिसले तर तो नुसता काटेकोरपणा नव्हे. त्याला आपण मंत्रचळ म्हणतो. त्यावर चांगले उपचार आहेत.

आजोबांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी गोळी मुलाला देणे, किंवा औषधाच्या दुकानातून मनाने काही आणणे, हे कटाक्षाने टाळावे. निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नसून सवयी व विचार बदलण्याचा आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते.

काही लक्षणे दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये. मूल एकदम गप्प झाले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलले, अंगावर जखमा दिसल्या, तर 'नाटक करतो' असे म्हणू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातील होते. प्रत्येकाचे कारण वेगळे असते आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण वेळेवर कोणी ऐकून घेतले असते तर काही लेकरे वाचली असती, यात शंका नाही. 'मरावेसे वाटते का?' असे सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नका.

केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आहेच. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात गेल्यास पुढचा मार्ग सांगितला जातो. मानसोपचाराला गेले म्हणजे वेड लागले, हा समज आता तरी सोडून द्यावा. ताप आला तर आपण लपवतो का?

शेतकऱ्याच्या घरात एक गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. पेरणी केल्यावर बी उगवले की नाही हे पाहण्यासाठी कोणी रोज माती उकरत नाही. मेहनत करायची, पाणी द्यायचे आणि मग जमिनीला तिचे काम करू द्यायचे. अभ्यासाचेही तसेच आहे. दिवसभर पेरलेले रात्री रुजते. त्यासाठी दिवा वेळेवर मालवावा लागतो. आज रात्री आपल्या घरातल्या त्या कोपऱ्यापाशी जा आणि लेकराला एवढेच सांगा, 'आजचे पुरे झाले. झोप आता. बाकीचे उद्या पाहू.'